गळ, माशी आणि चढणीचा मासा

महाळुंगे पडवळ म्हटलं की हुतात्मा बाबू गेनू आठवतात. घोड नदी डिंभ्याला अडवून झालेल्या जलाशयालाही त्यांचंच नाव आहे. या खोऱ्यात नियम वाचून कुणी माशाला जात नाही. पाग, तंगूस, गळाला गांडूळ, एवढ्यावर भागतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मात्र काही पाण्यांत फक्त कृत्रिम माशी लावूनच मासे धरता येतात. तिथं माशीची कायदेशीर व्याख्याच आहे: एक गळ, त्यावर रेशीम, लोकर, केस किंवा पिसं बांधलेली. वरून वजन नको, फिरणारी चकती नको, आमिष तर नकोच. वाचताना हे रिकामपणचे उद्योग वाटतात, पण त्यामागे कारण आहे. गांडूळ मासा गिळून टाकतो आणि गळ घशात रुततो. पिसांची फसवणूक तोंडात येताच त्याला कळते, तो ती थुंकायला जातो आणि गळ बहुधा ओठात अडकतो. ओठातला गळ काढून मासा जिवंत सोडता येतो. एवढा काटेकोरपणा आहे तो त्यासाठी.

असा सोडण्याजोगा मासा आपल्याकडेही आहे. दख्खनचा महासीर कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतूनच शास्त्राला सांगितला. हेन्री सुलिवन थॉमस यांचं महासीरच्या शिकारीवरचं गाजलेलं पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरला छापलं गेलं. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा सरकारी अहवाल निघाला. पिल्लांच्या नासाडीची ओरड दोघांचीही होती. पुढं १८९७ चा मत्स्य कायदा आला, पण त्याचा डोळा हौशी गळवाल्यावर नव्हता. सुरुंग लावणाऱ्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. व्याख्या केली ती जमिनीत रोवलेल्या किंवा एका जागी स्थिर केलेल्या जाळ्याची, पिंजऱ्याची, सापळ्याची. निवडक पाण्यांत अशी साधनं, बांध आणि जाळ्यांची जात व माप यांवर नियम करायची मुभाही सरकारला दिली. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा.

घोडेच्या खोऱ्यात 'फक्त माशी'चा नियम आणणं म्हणजे चेष्टाच. डिंभ्याच्या पाण्यात जमिनी गेलेल्या आदिवासींनी त्याच पाण्यात सहकारी मासेमारी उभी केली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यांना मासा सोडायचा नाही, विकायचा आहे. तिथं प्रश्न जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा: जाळं ताणून गाठीपासून गाठीपर्यंत मोजायचं, आणि पिल्लू निसटेल एवढं माप ठरवायचं.

खरा घाव बसतो तो पहिल्या पावसात. गाभोळीनं भरलेले मासे ओढ्यांत चढतात. कुणी दगडांची आडवण घालतं, मधल्या फटीत सापळा बसवतं, आणि सकाळी टोपलीभर चढणीचे मासे घरी येतात. चवीला ते उत्तम, हे मलाही मान्य. पण १८९७ च्या व्याख्येत नेमकं हेच बसतं. तेव्हा गळवाल्या पोरांवर डाफरण्याआधी, पावसाच्या सुरुवातीचे दोन आठवडे ओढ्याचं तोंड मोकळं राहील एवढा ठराव ग्रामसभेनं करावा.