स्मृतिभ्रंश-परिचर्येतील यंत्रमानव

स्मृती, भाषा, दिशाज्ञान व निर्णयशक्ती यांचा क्रमाक्रमाने ऱ्हास होऊन दैनंदिन व्यवहार कठीण करणाऱ्या विकारसमूहास स्मृतिभ्रंश म्हणतात. अल्झायमर रोग हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. भारतातील ६० वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या लोकांत त्याचे प्रमाण सु. ७·४ टक्के, म्हणजे रुग्णसंख्या सु. ८८ लाख असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रमानव व कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने हा विकार बरा करीत नाहीत. रुग्णास सोबत, स्मरणसाहाय्य व सुरक्षितता देणे आणि परिचारकाचा भार हलका करणे, एवढाच त्यांचा हेतू असतो.

यांपैकी विशेष अभ्यासलेला यंत्रमानव म्हणजे जपानी अभियंते ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून विकसित केलेला, सीलच्या पिल्लाच्या आकाराचा ‘पारो’. स्पर्श, प्रकाश, ध्वनी, तापमान व अंगस्थिती यांचे संवेदक त्यात असतात. कुरवाळल्यास तो हालचाल व आवाज करून प्रतिसाद देतो. ऑस्ट्रेलियातील २८ परिचर्यागृहांतील ४१५ रुग्णांवरील चाचणीत (२०१७) नेहमीच्या परिचर्येपेक्षा त्याने आनंदभाव वाढून अस्वस्थता कमी झाली. मात्र यंत्रणा बंद ठेवलेल्या तशाच बाहुल्याहून तो काही बाबतींतच सरस ठरला.

भाषा हा या साधनांचा कळीचा प्रश्न होय. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याण छावणीतून वाढले. १९४९ मध्ये त्यास हे नाव मिळाले. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात व बालपणीच्या अधिक काळ टिकतात. नंतर शिकलेली भाषाही पुष्कळदा आधी मागे पडते. त्यामुळे सिंधमध्ये बालपण गेलेली वृद्ध व्यक्ती स्वतःच्या घरात बसूनही ‘घरी’ जाण्याचा हट्ट धरू शकते. केवळ मराठी वा हिंदी जाणणारे यंत्र तिला परकेच राहते. सिंधीसह अनुसूचित भाषांसाठी भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ उपक्रम या दृष्टीने उपयुक्त आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे कल्याण−कर्जत लोहमार्गावर असून तेथील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे दिवसभर मुंबईस कामाला जातात. भरकटणाऱ्या रुग्णाचे स्थान कळविणारे साधे उपकरण अशा घरांत महागड्या यंत्रमानवाहून अधिक उपयोगी पडते. तथापि अशी पाळत रुग्णाच्या संमतीने, शक्यतो विकाराच्या प्रारंभीच ठरवावी लागते. यंत्र औषधाची वेळ सांगू शकते. हट्टामागील भीती ओळखून हात धरणे हे माणसाचेच काम राहते.