विद्यार्थि-विकासाचें कार्य : पहिल्या सहा वर्षांची आखणी

महाविद्यालयांत नव्यानें नेमलेल्या प्राध्यापकाकडे अध्यापनाखेरीज एखादें जादा काम बहुधा लौकरच येतें. कोणाकडे राष्ट्रीय सेवा योजना, कोणाकडे 'कमवा आणि शिका' योजना, कोणाकडे वसतिगृहाची देखरेख, तर कोणाकडे विद्यार्थि-विकास अधिकाऱ्याचें पद. वर्गाबाहेरील या साऱ्या कामास विद्यार्थि-विकासाचें कार्य असें म्हणतात. पुष्कळ ठिकाणीं तें सर्वांत तरुण शिक्षकाच्या माथीं मारलें जातें, आणि तोहि तें वेठीसारखें उरकतो. वस्तुतः हें एक स्वतंत्र कसब आहे. ज्यास तें साधावयाचें असेल त्यानें आरंभींच्या वर्षांची आखणी विचारपूर्वक केली पाहिजे.

महाराष्ट्रास हें कार्य नवें नाहीं. राजर्षि शाहू छत्रपतींच्या प्रेरणेनें १९०१ मध्यें कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि पुढें त्यांच्याच आश्रयानें निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहें उभीं राहिलीं. १९२४ मध्यें भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें. तेथील मुलांच्या मुखीं घास पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनीं अंगावरचे दागिने दिले. १९४७ मध्यें साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें, आणि श्रम करून शिकण्याची पद्धति उच्च शिक्षणांतहि आली. या थोरांनीं एक गोष्ट ओळखली होती. विद्येचें दार उघडलें तरी राहण्याची, जेवणाची व शुल्काची सोय नसेल, तर गरिबाचा मुलगा त्या दारांतून आंत येऊन टिकत नाहीं.

आजहि ही गोष्ट खरी आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतील ताडकळससारख्या गांवचा मुलगा शिकावयास पूर्णेस, परभणीस किंवा नांदेडास जातो. कित्येक घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला असतो. शिष्यवृत्तीसाठीं त्याला महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशीं जोडलेलें बँकेचें खातें, यांपैकीं एक जरी कमी पडलें तरी शिष्यवृत्ति अडते. शिष्यवृत्ति अडली कीं खोलीचें भाडें थकतें, आणि मुलगा 'चार दिवस जाऊन येतों' म्हणून गांवीं जातो तो परत येत नाहीं. मुलीचें शिक्षण तर पुष्कळदां शेवटची एस. टी. किती वाजतां सुटते यावर अवलंबून असतें. अशा विद्यार्थ्याला कोणीं काढून टाकलेलें नसतें, आणि त्याला बोलावणेंहि कोणीं धाडलेलें नसतें. तें बोलावणें धाडणें हेंच या कार्याचें मर्म होय.

म्हणून पहिलें वर्ष माहितींत घालवावें. विद्यार्थी कोठून येतात, कोठें राहतात, काय खातात, सुटींत कोणतें काम करतात, हें वहींत टिपावें. त्याचबरोबर नियम व योजना यांचा अभ्यास करावा. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, रॅगिंगच्या प्रतिबंधाचे २००९ चे नियम, विद्यार्थ्यांच्या तक्रारींविषयींचे २०२३ चे नियम, तसेंच स्वाधार योजना व डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना हीं तोंडपाठ असावींत. या वर्षींचा गुरु बहुधा कार्यालयांतील अनुभवी लेखनिक असतो. कोणता कागद कोठें अडतो हें त्याच्याइतकें कोणासहि ठाऊक नसतें. त्याच्यापाशीं बसून शिकण्यांत कमीपणा मानूं नये.

दुसऱ्या वर्षापासून एकच काम हातीं घेऊन तें तडीस न्यावें. राष्ट्रीय सेवा योजना हें त्यास उत्तम क्षेत्र आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजीं ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांनिशीं ती सुरू झाली. स्वयंसेवकानें दर वर्षीं १२० याप्रमाणें दोन वर्षांत २४० तास काम करावयाचें असतें, आणि सात दिवसांचें शिबिर गांवांत भरवावयाचें असतें. त्या सात दिवसांत कार्यक्रम अधिकाऱ्यास सरपंचाशीं बोलावें लागतें, पाण्याची व धान्याची व्यवस्था पाहावी लागते, मुलांतील भांडणें मिटवावीं लागतात आणि पैशापैशाचा हिशेब ठेवावा लागतो. ही नेमणूक साधारणतः तीन वर्षांची असते. पहिल्या वर्षीं पूर्वीच्या अधिकाऱ्याकडून शिकावें, दुसऱ्या वर्षीं स्वतःच्या बुद्धीनें चालवावें, आणि तिसऱ्या वर्षीं आपल्यामागून येणाऱ्यास तयार करावें.

पुढील दोन वर्षें ज्ञान सखोल करण्यासाठीं ठेवावींत. समुपदेशनाचें पद्धतशीर शिक्षण घ्यावें, आणि आपल्या मर्यादा ओळखाव्या. विद्यार्थ्यानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलींत चर्चेस नेऊं नये. परंतु जिवाला धोका दिसत असेल तर ती एकट्यानें पोटांतहि ठेवूं नये. अशा वेळीं वैद्यकीय साह्य मिळवून द्यावें. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सूचना-फलकावर असावा.

या कामांत स्वतःची प्रगति खुंटेल, अशी धास्ती तरुण शिक्षकास वाटते, आणि ती निराधार नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणें सहायक प्राध्यापकाची पहिली बढती पीएच. डी. असल्यास ४, एम. फिल. असल्यास ५ आणि एरवीं ६ वर्षांनंतर होऊं शकते. त्याच नियमावलींत विद्यार्थ्यांसाठीं केलेल्या कामाचीहि गणना होते. मात्र त्याची नोंद हवी. दर शनिवारीं अर्धा तास बसून आठवड्याचें काम तारीखवार लिहून ठेवावें, आणि संशोधनासाठीं ठरविलेले तास कोणत्याहि समारंभास देऊं नयेत. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यास तर ही वही अधिकच मोलाची आहे. त्यानें दर वर्षअखेर प्राचार्यांकडून केलेल्या कामाचें प्रमाणपत्र मागून घ्यावें.

शेवटीं या कार्याचें माप कोणतें? किती व्याख्यानें झालीं, किती छायाचित्रें छापून आलीं, यावरून तें कळत नाहीं. वर्षारंभीं ज्यांनीं प्रवेश घेतला त्यांपैकीं किती जण वार्षिक परीक्षेस बसले, आणि जे बसले नाहींत त्यांच्या घरीं कोण जाऊन आलें, हे दोन आंकडे वहीच्या पहिल्या पानावर असावेत. सहाव्या वर्षअखेर त्या पानांकडे पाहिलें म्हणजे विद्यार्थ्यांची आणि त्यांच्याबरोबर शिक्षकाचीहि वाढ किती झाली, हें त्यास कोणीं सांगावयास नको.