माणूस तुरुंगात, गोळ्या घरात

तुरुंगातल्या मुलाच्या मुलाखतीसाठी रांगेत उभी असलेली एक आई आम्हाला भेटली. अटक झाली तेव्हा मुलाच्या टीबीच्या उपचाराचा तिसरा महिना सुरू होता. गोळ्या घरीच राहिल्या. "साहेबांना सांगायला भ्याले," ती म्हणाली.

भीती आम्हाला समजते. पण गप्प बसणे महागात पडते. साध्या टीबीचा उपचारही सहसा ६ महिने चालतो. तो मध्येच तुटला तर आजार उलटतो, औषधांना दाद न देण्याचा धोका वाढतो. बराकीच्या कोंदट गर्दीत हवेतून तो शेजाऱ्यालाही होतो.

२०२२ अखेर देशातील दर ४ बंद्यांपैकी सुमारे ३ कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांच्यावरचा खटला अजून संपलेला नव्हता. शिक्षा झालेल्याचेही स्वातंत्र्य जाते, उपचाराचा हक्क जात नाही.

म्हणून घरातले कोणी अटकेत गेले, तर एवढे कराच. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत चालू आजार डॉक्टरांना सांगायला लावा. औषधांच्या चिठ्ठीची प्रत जोडून तुरुंग अधीक्षकांना अर्ज द्या, पोच घ्या. तीच प्रत वकिलामार्फत न्यायालयात द्या. वकील नसेल तर १५१०० वर फोन करा. १९८७ च्या कायद्याने कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. बीपी, शुगर, फिटच्या गोळ्यांनाही हेच लागू.

त्या आईचा अर्ज आम्ही रांगेतच, पिशवीवर कागद ठेवून लिहिला. पोच मिळाली. तोवर मुलाच्या गोळ्या ११ दिवस चुकल्या होत्या.