आठव्या वळणावरचा रविवार

पहाटे पाच

नोव्हेंबर संपत आला की ॲडलेड शहराच्या पूर्व कडेच्या रस्त्यांवरून नेहमीसारखं जाता येत नाही. वेकफिल्ड रोड, ईस्ट टेरेस, बार्टल्स रोड, डेकेटव्हिल टेरेस. एरवी मी याच रस्त्यांनी कामाला जातो आणि सिग्नलला खोळंबतो. आता त्यांच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे ठोकळे, त्यांवर तारेची उंच जाळी आणि मधल्या डांबरावर टायरचे काळे ओरखडे. हे रस्ते आणि व्हिक्टोरिया पार्कातला एक पट्टा जोडून ३.२ किलोमीटरचा फेरा होतो. इथे होते ती ॲडलेड ५००. ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्स मालिकेचा मोसम २०२२ पासून याच शर्यतीने संपतो.

मी इथे मार्शल. म्हणजे झेंडा घेऊन वळणावर उभा राहणारा. पगार नाही. टोपी, दुपारचं जेवण आणि वर्षभर मिरवायला एक बिल्ला, म्हणजे गणपती मंडळाच्या कार्यकर्त्याला जे मिळतं तेच. घरच्यांची बोलणीही तीच. नाशिक सोडून इकडे आलो तेव्हा ओळखीपाळखी व्हाव्यात म्हणून नाव दिलं होतं. ओळखी झाल्या, सवय सुटली नाही.

गाडी बरीच लांब लावून चालत यावं लागतं. या वेळेला रस्त्यावर आम्ही, कचरा उचलणारे आणि कॉफीच्या गाड्या लावणारे.

सहा

हजेरी. रजिस्टरवर सही, गळ्यात पास, कानात घालायचे बोळे, पाण्याच्या बाटल्या, सनस्क्रीनचा सामाईक डबा. इथलं ऊन नाशिकच्या मे महिन्यापेक्षा वाईट. घाम येत नाही, म्हणून भाजल्याचं रात्री कळतं. कधी कधी कोणालाही बाजूला घेऊन नळीत फुंकायला लावतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी मार्शल मंडळी फार शहाण्यासारखी वागतात.

मग सूचना. त्या दरवर्षी त्याच असतात आणि तरी सगळे कान देऊन ऐकतात. ठोकळ्याला टेकायचं नाही, त्यावर हात ठेवायचा नाही. काँक्रीटचा तो धोंडा जागचा हलेल असं पाहून वाटत नाही, पण गाडी आदळली की हलतो. मोबाईल खिशात. कोणाला टाळ्या नाहीत, आरोळ्या नाहीत. आवडता ड्रायव्हर असेल तर तो मनात.

साडेसात

आमचं ठाणं आठव्या वळणाच्या पुढे. बार्टल्स रोडवरून गाड्या येतात आणि उजवीकडे वळून डेकेटव्हिल टेरेसच्या सरळ रस्त्याला लागतात. उजवीकडे वळतात म्हटलं की चौक डोळ्यांसमोर येतो. हा चौक दोनशेच्या वर वेगात घ्यायचा असतो आणि बाहेरच्या बाजूला मोकळी जागा नाही, थेट भिंत. इतर शर्यतपट्ट्यांवर चूक झाली तर वाळूत किंवा गवतात जाऊन थांबता येतं. इथे चुकीची किंमत जागच्या जागी मोजावी लागते. भिंतीवरच्या जाहिरातींची अक्षरं शुक्रवारी धड होती. रविवारी सकाळी त्यांतली निम्मी टायरच्या काळ्या फराट्यांखाली गेली आहेत.

आधी झाडू. टायरमधून सुटलेल्या रबराच्या बारीक गोळ्या वळणाच्या बाहेरच्या कडेला साठतात, त्यांवर चाक गेलं की घसरलंच. मग झेंडे काढून क्रमाने लावायचे: पिवळा, निळा, हिरवा, पांढरा आणि रस्ता निसरडा झाल्याचं सांगणारा लाल-पिवळ्या पट्ट्यांचा. हल्ली जोडीला दिव्यांचे फलकही असतात, पण ड्रायव्हरला माणसाच्या हातातला झेंडा जास्त कळतो असं आमच्या ठाण्यावरचे जुने लोक म्हणतात. ते मला पटतं. झेंडा किती जोरात हलतोय यावरूनही पुढचं प्रकरण केवढं आहे ते समजतं.

झेंडेवाले दोघं असतात आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. निळा झेंडावाला येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करतो. मागून वेगवान गाडी आली तर पुढच्याला तो दाखवायचा असतो. पिवळा झेंडावाला गाड्या जातात त्या दिशेला बघतो, कारण पुढे काही घडलं तर मागून येणाऱ्यांना सावध करणं त्याचं काम. म्हणजे पिवळ्यावाल्याच्या पाठीमागून दिवसभर गाड्या येत राहतात आणि त्याने वळून बघायचं नाही. जोडीदाराने खांद्यावर थाप मारली की समजायचं.

माझी जोडीदार सत्तरीला टेकलेली बाई. शाळेत शिकवायची. हा झेंडा ती १९८५ पासून धरते आहे. मी पहिल्यांदा पिवळ्याला उभा राहिलो आणि दर गाडीला मान वळवू लागलो, तेव्हा तिने माझं डोकं दोन्ही हातांनी धरून पुढे फिरवलं होतं. "पाठ माझी," म्हणाली, "तू तुझं बघ."

नऊ ते बारा

सकाळभर दुय्यम शर्यती. प्रेक्षक अजून कॉफी पीत असतात, आमच्या कामाला मात्र खरा जोर याच वेळी. मुख्य शर्यतीतले ड्रायव्हर मुरलेले. इथे नवी मुलं येतात, हौशी येतात, आणि भिंत सगळ्यांना सारखीच.

साडेदहाच्या सुमाराला मी पिवळ्यावर होतो. एक गाडी माझ्या पाठीमागून निघून समोर आली ती किंचित तिरकी. मागची चाकं बाहेर सरकत होती. ड्रायव्हरने सावरायला पाहिलं, गाडी एकदा सरळ झाली, मग उलट्या अंगाला फिरली आणि ठोकळ्याला घासत गेली. आवाज मोठा नव्हता. रिकामा पिंप ओढत न्यावा तसा. पुढच्या दिव्याची काच माझ्यापासून हातभर अंतरावरून जाळीवर आपटली.

मला हे सगळं आता आठवून सांगता येतंय. त्या क्षणी हात आधीच वर गेले होते आणि झेंडा हलत होता. रेडिओवरच्या माणसाने कंट्रोलला कळवलं: आठच्या पुढे, डाव्या भिंतीला, गाडी थांबली, रस्त्यात अडथळा. खांद्यावर थाप पडली, एक गाडी गेली. पुन्हा थाप, दोन गेल्या. तिघंही वेग कमी करून गेले, एकाने हात वर करून झेंडा दिसल्याचं सांगितलं. ड्रायव्हरने खिडकीतून अंगठा दाखवला आणि मग माझ्या पोटातला गोळा उतरला. पुढे सेफ्टी कार, मग ट्रक, मग झाडू आणि तेल शोषणारी पावडर. फुटलेल्या गाडीपेक्षा रस्त्यावर सांडलेलं तेल जास्त वेळ खातं.

ड्रायव्हर उतरला तेव्हा दिसलं, विशीतलाही नसावा. ठोकळ्याच्या मागे आमच्यात येऊन बसला, पाणी प्यायला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बराच वेळ गप्प राहिला. कोणी काही बोललं नाही. अशा वेळी बोलायचं नसतं, हेही सूचनांत असतं.

दुपारी एक

जेवण खोक्यातून येतं. सँडविच, सफरचंद, बिस्किटं. मी घरून मेथीचे ठेपले आणतो आणि ते पहिल्या पाच मिनिटांत संपतात. उरतात ते माझ्या वाट्याचं सँडविच आणि इथल्या माश्या.

जेवताना बाई जुन्या गोष्टी काढते. १९८५ ते १९९५ अशी अकरा वर्षं फॉर्म्युला वनची ऑस्ट्रेलियन ग्रांप्री या शहरात होत होती आणि अकराही वेळा ती मोसमातली शेवटची शर्यत होती. फेरा तेव्हा मोठा, ३.७८ किलोमीटरचा. समोरचा सरळ रस्ताही लांब होता. त्याला जॅक ब्रॅबॅमचं नाव.

२६ ऑक्टोबर १९८६ ला नायजेल मॅन्सेलला अजिंक्यपदासाठी तिसरा क्रमांकही पुरेसा होता. ६४ व्या फेरीत याच सरळ रस्त्यावर, ताशी तीनशेच्या आसपास वेग असताना त्याचा डावा मागचा टायर फुटला. तीन चाकांवर ठिणग्या उडवत त्याने गाडी कशीबशी थांबवली. शर्यत आणि अजिंक्यपद दोन्ही ॲलन प्रॉस्टकडे गेलं. शर्यतींच्या इतिहासात सर्वांत जास्त वेळा दाखवल्या गेलेल्या दृश्यांपैकी हे एक असेल. बाई तेव्हा थोड्याच अंतरावर निळा झेंडा घेऊन उभी होती. म्हणजे पाठ तिकडे. "मोठा आवाज झाला आणि लोक एकदम उभे राहिले," ती सांगते. "मी येणाऱ्या गाड्या बघत होते." तिने ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं रात्री, टीव्हीवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

१९९४ ची गोष्ट ती जरा रागाने सांगते. शूमाकर भिंतीला लागला, परत रस्त्यावर आला, मागून येणाऱ्या डेमन हिलशी टक्कर झाली, दोघंही बाद, आणि शूमाकर एका गुणाने अजिंक्य. मुद्दाम की चुकून, यावर इथे अजून दोन तट आहेत. बाई कोणत्या तटात आहे हे तिच्या सँडविचवरच्या पकडीवरून कळतं.

मला मात्र १९९५ ची गोष्ट सगळ्यांत जवळची वाटते. १० नोव्हेंबर, शुक्रवार. टायर गेल्याने मिका हॅकिनेनची मॅकलॅरेन ब्रुअरी बेंड नावाच्या वळणाच्या भिंतीवर आदळली. श्वास बंद झाला होता. रस्त्याच्या कडेलाच डॉक्टरांनी त्याच्या गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट मोकळी केली. तो जगला आणि पुढे १९९८ व १९९९ असा दोनदा विश्वविजेता झाला. ते डॉक्टर रॉयल ॲडलेड हॉस्पिटलचे, आणि शर्यतीला आले होते ते आमच्यासारखेच स्वयंसेवक म्हणून. पुढच्या वर्षी ग्रांप्री मेलबर्नला गेली. त्याचा सल ॲडलेडकरांच्या मनातून अजून गेलेला नाही.

अडीच

मुख्य शर्यतीआधीचा हा तास रिकामा. ऊन डोक्यावर, रस्ता सुनसान, जाळीपलीकडे बिअरचे कॅन आणि मुलांच्या खांद्यांवर फोर्डचे नाही तर शेव्हरोलेचे झेंडे.

शर्यत सगळ्यांनाच हवी असते असं नाही. शर्यतीचा पट्टा जातो ती बागांची जमीन शहराचा आराखडा आखताना, १८३७ मध्ये, लोकांसाठी मोकळी ठेवलेली. दरवर्षी आठवडेच्या आठवडे तिथे कुंपण पडतं, ट्रक फिरतात, आजूबाजूचे लोक कावतात. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. मीही दहा-दहा मिनिटं वळसा घालून कामाला जातो. २०२० मध्ये राज्य सरकारने ही शर्यत बंदच करून टाकली होती. मग विरोधी पक्षाने ती परत आणण्याचं आश्वासन जाहीरनाम्यात घातलं, मार्च २०२२ ची निवडणूक जिंकली आणि डिसेंबरात गाड्या पुन्हा धावल्या. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवरून झालेलं राजकारण ज्याने पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही.

पावणेचार

७८ फेऱ्या, अडीचशे किलोमीटर. आता बाई पिवळ्यावर, मी निळ्यावर.

पहिल्या फेरीचा आवाज आधी छातीत येतो, मग कानांत. व्ही-एट इंजिनांची सगळी फौज एकदम बार्टल्स रोडवर घुसते आणि पायाखालचं डांबर थरथरतं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काही उमगत नाही. नंतर डोळा बसतो. कोण वळणाआधी किंचित उशिरा आत येतो, कोण भिंतीपासून वीतभर राखून जातो, कोणाचा मागचा टायर थकलाय, हे कळू लागतं. एक मस्टँग प्रत्येक फेरीला भिंतीच्या त्याच फराट्यावरून जात होती, इतकी जवळून की तिच्या हवेने माझी टोपी हलायची. दुसरा कोणी तिथे जायला धजला नाही.

शर्यत कुठे चाललीय याचा मात्र पत्ता नाही. गाड्या टायर बदलायला आणि पेट्रोल भरायला आत गेल्या की क्रम विस्कटतो. पुढे दिसणारा पहिला असेलच असं नाही. कोणाला निळा दाखवायचा ते रेडिओवाला ओरडून सांगतो तेवढंच. मोठे पडदे आमच्या पाठीमागे, लाऊडस्पीकर इंजिनांखाली बुडालेले, कानांत बोळे. जाळीपलीकडच्या पोराला माझ्यापेक्षा जास्त माहिती. घरी सोफ्यावर बसलेल्या बायकोला तर सगळंच माहीत. खिशात फोन थरथरत राहतो, तो तिचाच असणार.

निळा झेंडा दाखवताना एक गंमत होते. ज्याला दाखवायचा तो शेवटून दुसरा-तिसरा असतो, त्याची शर्यत केव्हाच हातची गेलेली असते, आणि दिवसभरात त्याच्याकडे इतक्या निरखून बघणारा माणूस बहुधा मीच असतो.

संध्याकाळी सहा

रेडिओवर आवाज आला आणि संपलं. मग गाड्या हळूहळू एक शेवटचा फेरा घेतात आणि या एका फेरीत आम्हाला नियम नाही. सगळे झेंडे बाहेर काढून हलवायचे, टाळ्या वाजवायच्या. ड्रायव्हर खिडकीतून हात काढतात. काही जण गाडी भिंतीच्या इतक्या जवळून नेतात की टाळी देता येईल. सकाळचा तो पोरगाही जाळीला लागून उभा होता.

४ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी हा फेरा फार लांबला होता. मुख्य मालिकेत होल्डन गाड्यांची ती शेवटची शर्यत. १८५६ मध्ये याच शहरात घोड्यांची जिनं करणारं दुकान म्हणून सुरू झालेली कंपनी. शहराच्या उत्तरेला एलिझाबेथमध्ये तिचा कारखाना, तो २०१७ मध्ये बंद पडला. मग २०२० मध्ये जनरल मोटर्सने नावही मिटवलं. शर्यतीतल्या गाड्या तेवढ्या उरल्या होत्या. त्या दिवशी वीस वर्षांचा ब्रॉक फीनी होल्डनमधून जिंकला, कारकिर्दीतला पहिला विजय. आमच्या ठाण्यावरच्या आग विझवणाऱ्या माणसाचं उभं आयुष्य एलिझाबेथच्या कारखान्यात गेलेलं. तो एरवी बडबड्या. त्या संध्याकाळी विझवणीचे सिलिंडर मोजत बसला होता, पुन्हा पुन्हा.

त्यानंतर मैदानात फोर्डची मस्टँग आणि शेव्हरोलेची कॅमारो. लोक भांडतात अजूनही, पण पूर्वीच्या फोर्ड-होल्डनसारखं भावकीतलं भांडण राहिलं नाही.

साडेसात

झेंडे मोजून परत, रेडिओ परत, सही. निळ्याची शिवण उसवली होती ती लिहून द्यायची. पलीकडे रात्रीच्या गाण्यांच्या कार्यक्रमाची चाचणी सुरू आणि पिटजवळ क्रेन आलेली. बाईने पाठ चोळत जाहीर केलं की हे आपलं शेवटचं वर्ष. ती हे दरवर्षी म्हणते आणि कोणी तिला उत्तर देत नाही.

फोन बघितला. बायकोचे बरेच मेसेज. सगळ्यांत वरचा: "झेंडा दिसला दोनदा. तू नाही दिसलास."

रात्री दहा

अंघोळीला काळं पाणी निघालं. कानांच्या पाळ्यांतून, नखांतून, भुवयांतून रबर. जेवण झाल्यावर तिने रेकॉर्डिंग लावलं. शेवट सांगू नकोस म्हटलं तर हसली. ती मस्टँग भिंतीच्या किती जवळून जात होती ते दाखवायचं म्हणून मी आठव्या वळणाची वाट बघत बसलो. कॅमेरा नेमका दर वेळी दुसरीकडे. तिसाव्या फेरीच्या आसपास माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा टीव्ही बंद होता आणि ती फोनवर नाशिकला कोणालातरी सांगत होती, शर्यत कशी झाली ते, पहिल्यापासून शेवटपर्यंत.