हृदयाचा ठोका कोणाच्या हुकमाने?

हृदय मेंदूच्या हुकमाने चालते, ही समजूत सुशिक्षितांतही दृढमूल आहे. परंतु १९६७ साली केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ज्या शस्त्रक्रियेचा पायंडा पाडला, त्या हृदयप्रत्यारोपणात हृदयाच्या तंत्रिका तोडाव्याच लागतात. आणि तरीही ते नव्या छातीत धडधडत राहते, इतकेच नव्हे, तर वेग आवरून धरणारी तंत्रिकाही तुटलेली असल्याने विश्रांतीच्या वेळी काहीसे जलदच चालते. ठोका उपजतो तो उजव्या कर्णिकेच्या भिंतीतील पेशींच्या एका चिमुकल्या पुंजक्यात. मेंदू त्याचा वेग तेवढा कमीजास्त करतो.

मेंदूचे हे मुखत्यारपण नाकारताच लोक ते जनुकांच्या स्वाधीन करतात, आणि हा गैरसमज अधिक चिवट आहे. वरील पेशींच्या पटलात प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात व त्यांतून सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे विद्युत्भारित कण ये-जा करतात. ही प्रथिने जनुकांबरहुकूम घडतात, हे निर्विवाद. परंतु यांतील बहुतेक द्वारे केव्हा उघडावीत आणि केव्हा मिटावीत, हे पटलावरील विद्युत् दाबावर अवलंबून असते, आणि तो दाब पुन्हा त्याच द्वारांतून वाहणाऱ्या प्रवाहांनी पालटत असतो. डेनिस नोबल यांनी १९६० साली लंडनमध्ये संगणकाच्या साहाय्याने हृदयपेशीची गणिती प्रतिकृती सिद्ध केली. अशा प्रतिकृतीत विद्युत् दाब कृत्रिमपणे स्थिर धरला, तर एकही प्रथिन न बदलता लय थांबते. म्हणजे लय कोणा एका जनुकात नाही, एका प्रथिनातही नाही. ती अखंड पेशीचा गुण आहे, आणि पेशीची अवस्था प्रथिनांवर वरून अंमल गाजवते, ही गोष्ट मला जीवशास्त्रातील अत्यंत मोलाची वाटते.

समग्र दृष्टी म्हणजे पृथक्करणाला सोडचिठ्ठी, असे मात्र कोणी मानू नये. गडचिरोली-नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा आजार जनुकातील एका अक्षराच्या बदलाने उद्भवतो, आणि तो बदल सूक्ष्म पृथक्करणाविना कधीच हाती लागला नसता. पण दोष तोच असूनही एक रुग्ण वारंवार वेदनांनी तळमळतो, तर दुसऱ्याला त्रास क्वचितच होतो. अंगातील पाणी कमी होणे, थंडी वा जंतुसंसर्ग यांनी वेदनांचा झटका ओढवू शकतो. म्हणून अशा रुग्णाच्या आप्तांनी, आजार रक्तातच आहे म्हणून हात टेकू नयेत. औषधोपचाराबरोबर त्याच्या पिण्याच्या पाण्याची, पांघरुणाची आणि साध्या तापाचीही वेळीच दखल घ्यावी.