माझ्या वहीतली चुकीची नोंद



अकोले तालुक्यातल्या एका ठाकरवाडीत सात वर्षांचा मुलगा आहे. हाक मारली तरी तो वळत नसे, अक्षरे ओळखत नसे, निम्मे दिवस शाळेतच नसे. माझ्या वहीत मी त्याच्या नावापुढे 'मतिमंद' असे लिहून ठेवले होते. ती माझी चूक होती.

त्याचे कान सतत वाहत. एका वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला. थोरला भाऊ तान्हेपणीच तापाने गेला होता. आजी म्हणे, "सुनेचा पायगुण." तपासणीत दोन गोष्टी निघाल्या: ऐकू कमी येते, आणि रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडे जवळजवळ नाहीतच.

हा आनुवंशिक दोष डॉ. ऑग्डेन ब्रुटन यांनी 1952 मध्ये प्रथम नोंदवला. तो बहुधा आईकडून मुलग्याला येतो. आई स्वतः निरोगी असते. तो एचआयव्ही नव्हे, आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

प्रतिकारशक्तीच्या काही आनुवंशिक आजारांत मेंदूवर थेट परिणाम होतो. या आजारात मात्र बुद्धी मुळात शाबूत असते. घात करतात ते संसर्ग. कान वाहून ऐकू कमी येते, ऐकू येत नाही म्हणून बोलणे मागे पडते, आजारपणात शाळा बुडते. मेंदूज्वर झाला तर कायमची इजा होऊ शकते. म्हणून उपचार जितके लवकर, तितकी बुद्धी वाचते.

उपचार म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे दर 3 ते 4 आठवड्यांनी शिरेतून देणे, तेही आयुष्यभर. निदानाची सोय मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत आहे. पहिली पायरी मात्र गावातच आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शाळांत मुले तपासतात. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार वेळा कान फुटणे किंवा घरात तान्ह्या मुलाचा असा मृत्यू झाला असेल, तर पथकाला आवर्जून सांगा.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कोणाचे? प्रभूने दोष ना त्याला दिला, ना आईबापांना. मी हे त्या आजीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. पुढच्या खेपेला सुनेबरोबर दवाखान्यात तीच आली.

मुलगा आता पहिल्या बाकावर बसतो. बाराखडी चालू आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि जमेल त्यांनी दवाखान्याच्या फेऱ्यांच्या एसटी भाड्याला हातभार लावा.