फ्रीझरमधली पिसे

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही इंग्लंडला भाच्याकडे गेलो होतो. पहिल्याच सकाळी सूनबाईंनी पराठे काढायला फ्रीझर उघडला, तर कीम्याच्या डब्याखाली एका पारदर्शक पिशवीत कोंबड्याची पिसे आणि सशाच्या कातडीचा तुकडा! आम्ही बघतच राहिलो. "मामूजान, आता तुम्हीच समजवा यांना," सूनबाई म्हणाल्या. भाचा मात्र शांत होता. "मामू, अजून चार दिवस. मग काढतो."

त्याला ट्राउट मासे धरण्याचा नाद आहे. तिकडे हे मासे गांडूळ लावून नव्हे, तर 'फ्लाय' लावूनही धरतात. फ्लाय म्हणजे गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. आपल्या खाडीवर गळ टाकणाऱ्या पोरांना हे सांगितले तर ती हसतील. पण नखाएवढ्या गळावर पाय आणि पंख असलेला किडा उभा राहताना पाहिला, तेव्हा आम्हीही गप्प झालो.

ही विद्या त्याला शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी शिकवली. ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यांची पेटी याच्या हाती दिली. तीत कोंबड्याच्या मानेची कातडीसकट राखलेली पिसे होती, काही तर तीस वर्षांची. याने पेटी कपाटात ठेवली आणि कुणीतरी दिलेली फेझंट पक्ष्याची कातडी तशीच तीत टाकली. सहा महिन्यांनी पेटी उघडली तर तळाशी भुसा, रेशमी जाळी आणि पिसांच्या उघड्या काड्या. कसर लागली होती.

आपल्या शालींना लागते तीच ही कसर. उडणारा पतंग काहीच खात नाही, खाते ती त्याची अळी. लोकर, केस, पिसे यांतले केराटिन हे तिचे अन्न. तिला अंधार हवा आणि कुणी हात न लावलेली जागा हवी. जपून ठेवलेली वस्तू म्हणजे तिला मेजवानीच!

तेव्हापासून भाच्याच्या घरी नवे पीस आले की आधी फ्रीझर. हवाबंद पिशवीत, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे. मग काही दिवस बाहेर ठेवून पुन्हा आत, कारण वाचलेली अंडी मधल्या काळात फुटली तर दुसऱ्या थंडीत संपतात. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही. बाहेरच्या हवेतले पाणी गार पिसांवर जमते, ते पिशवीच्या बाहेरच जमू द्यायचे. आम्ही डांबरगोळ्यांचे नाव काढले. तो म्हणाला, त्यांचा वास घरात बसतो, लहान मुलांच्या हाती लागल्या तर धोका, आणि काही प्लास्टिकचे डबे त्यांनी मऊ पडतात. हे आम्हाला नवीन होते. आमच्या घरी तर अजून ट्रंका त्यांच्यावरच चालतात.

बाकी मांडणी सोपी. प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख, पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यांत. गळ कोरड्या छोट्या डब्यांत, आकाराप्रमाणे. यांचा हिशेब उलटा असतो, १६ नंबरचा गळ १२ नंबरच्या गळापेक्षा लहान! रंगीत पिसे उन्हापासून दूर. महिन्यातून एकदा सगळे डबे उघडून हलवायचे. त्याच्या मते हेच सर्वांत मोठे औषध.

निघण्यापूर्वी त्याने फोनवर मोरपिसे मागितली होती. मोरपिसाचे हिरवे तंतू फ्लायच्या अंगाला गुंडाळतात. आमच्या वाडीत मोर येतात, अम्मीने गळलेल्या पिसांची जुडी बांधूनही ठेवली होती. कुरआन शरीफमध्ये खुणेला ठेवायची, दर्ग्यातल्या मोरछलात दिसायची ती वस्तू, तिला काय अडचण? पण चौकशी केल्यावर कळले की आपोआप गळलेले मोरपीस देशात बाळगता येते, देशाबाहेर नेण्यास मात्र बंदी आहे. जुडी घरीच राहिली. अम्मी थोडी रुसली.

आम्ही तिथे असतानाच तो विमानाने स्कॉटलंडला निघाला. आम्हाला वाटले, दोन डबे भरेल. त्याने चष्म्याच्या घराएवढी पेटी काढली. प्रवासात वस्तूंप्रमाणे नव्हे, फ्लायप्रमाणे भरायचे, ही त्याची रीत. फ्रँक सॉयर नावाच्या नदीरक्षकाने केलेल्या एका फ्लायला फक्त फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार लागते, दोरासुद्धा नाही. ती पहिली. मग आणखी दोन, बस्स. गळ, कात्री, सुई हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत. गाठीवर लावायचे ज्वालाग्राही वार्निश विमानात दोन्हीकडे चालत नाही, म्हणून ते घरीच.

पेटी बंद करण्यापूर्वी त्याने एक पाकीट उचलले, पाहिले आणि परत खणात ठेवले. त्या वृद्ध गृहस्थांच्या पेटीतली वाचलेली सात-आठ पिसे होती. "ती का नाही घेत?" आम्ही विचारले.

"त्यांचं काय बांधायचं ते अजून ठरलं नाही, मामू."

पाकिटावर तारीख होती. मागच्याच महिन्यात तेही फ्रीझरमधून जाऊन आले होते.